गाडीचं दुखणं नटाला सांगायचं नाही

पडदा वर जातो.

सकाळची वेळ. घाटकोपरच्या पंतनगरातल्या एका जुन्या वसाहतीचं आवार. डाव्या अंगाला पाण्याच्या पंपाची खोली, उजवीकडे तळमजल्याचं एक दार, आणि मधोमध, जिथे प्रमुख नटाने उभं राहायचं तिथे, एक पांढरी व्हॅन. सरकत्या दाराची, खिडक्यांना मोरपंखी पडदे लावलेली. दारापाशी जमिनीवर लाकडी पाट. पाटाशेजारी फडक्याला हात पुसत उभा असलेला वाळक्या अंगाचा, पांढऱ्या मिशीचा माणूस म्हणजे लवू घाडी.

तळमजल्याच्या दारातून चाकाची खुर्ची येते. खुर्चीत रत्नप्रभाबाई. एके काळी त्यांनी नुसती मान वळवली तरी बाल्कनीतून टाळी यायची. आता मान फार वळत नाही. खुर्ची ढकलणारा मी. या नाटकात माझी भूमिका तेवढीच.

"निळी साडी?" लवू म्हणतो. "आज मुलुंडकरांची वाट लागली म्हणायची."

"गप रे मेल्या. तो पाट डगमगतोय तो बघ आधी."

"पाट नाय डगमगत, बाई. एंट्रीला तुम्हीच डगमगता. पूर्वीपासून."

"ऐकलंस का रे याचं?" बाई मला विचारतात, आणि हसतात. हसताना धाप लागते.

हा प्रवेश आठवड्यातून तीनदा व्हायचा. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये त्यांची सकाळची पाळी असे. साखरेने उजव्या पायाची बोटं आधीच नेली होती, त्यामुळे रिक्षात चढणं जमत नव्हतं. परतताना अंगात इतकं त्राण नसे की आडवंच पडावं लागे. म्हणून लवूने व्हॅनची मधली सीट काढून तिथे गादी घातली होती, उशाला तक्क्या ठेवला होता. व्हॅन वेळेवर मुलुंडला पोचली की बाईंचं रक्त धुतलं जाई, आणि बाई पुढचे दोन दिवस आमच्यात असत. इतकं सगळं त्या व्हॅनवर होतं.

लवू मूळचा कणकवलीकडचा. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि घरातल्या पोरांनी मिळेल ते काम धरलं. लवू आमच्या नाटक कंपनीत आला तो सेट उचलायला. मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर. कंपनीची बस तोच चालवायचा आणि मुंबईत प्रयोग असला की बाईंना घरून आणण्या-नेण्यासाठी ही व्हॅनही तोच. नाटकातलं एक वाक्य त्याला पाठ नव्हतं. प्रयोग चालू असताना तो बसमध्ये झोपायचा. पण तिसऱ्या अंकाच्या टाळ्या पडल्या की गाडीचं दार उघडून उभा. कुणी भांडून आलं, कुणी रडत आलं, कुणाला वाक्य विसरल्याची लाज असली, तरी तो विचारायचा नाही. म्हणायचा, "बसा. खिडकी उघडी ठेवू की बंद?"

त्याचा एक नियम होता. आमच्या सगळ्याच जुन्या ड्रायव्हरांचा होता, पण लवूने तो धर्मासारखा पाळला. गाडीचं दुखणं नटाला सांगायचं नाही. प्रयोगाआधी नटाच्या मनात काळजी घुसली की ती स्टेजवर दिसते, असं तो म्हणायचा. एकदा रत्नागिरीला जाताना कशेडी घाटात बसच्या इंजिनाचा पट्टा तुटला. लवूने गाडी हळूच एका टपरीशी नेऊन लावली आणि आत येऊन जाहीर केलं, "थिएटरवर लाइट गेलीय. प्रयोग तासाने पुढे ढकललाय. निवांत चहा घ्या." आम्ही चहा घेतला, भजी खाल्ली, बाईंनी तर झाडाखाली डुलकी काढली. दुसरीकडे लवू ट्रकवाल्यांना हात दाखवत पट्टा शोधत होता, आणि रत्नागिरीच्या व्यवस्थापकाला फोन करून सांगत होता की बाईंना गाडी लागलीय, जरा थांबा. दोन्हीकडे एकेक थाप, मधे एक पट्टा. प्रयोग असा रंगला की विचारू नका. खरं काय ते आम्हाला परतीच्या वाटेवर कळलं. मालकांनी सगळ्यांसमोर लवूची पाठ थोपटली. बाई म्हणाल्या, "असा खोटारडा प्रत्येक कंपनीला मिळो."

पुढे कंपनी बंद पडली. सेट भंगारात गेले, बस विकली गेली. मालक मोठ्या मनाचे, त्यांनी व्हॅन लवूच्या नावावर करून दिली. लवू त्या व्हॅनने भाजीवाल्यांचा माल पोचवायचा, लग्नाची वऱ्हाडं न्यायचा. बाई आजारी पडल्या त्या दिवसापासून त्याने बाकीची कामं सोडली. पेट्रोलचा खर्च बाईंची भाची अनुपमा द्यायची. स्वतःसाठी लवू काही घेत नसे. "बाई बसल्या की गाडी सरळ चालते," एवढंच म्हणायचा.

मग पंपावरचं पेट्रोल बदललं.

त्यात इथेनॉल मिसळायला लागले. उसाच्या मळीपासून, मक्यापासून काढलेला अल्कोहोल. आधी थोडा होता, तेव्हा कुणाला कळलं नाही. मग एका भागाला चार भाग पेट्रोल, इथवर आलं. नव्या गाड्या त्याच बेताने बनवलेल्या असतात, त्यांना ते पचतं. लवूची व्हॅन तीस वर्षांपूर्वीची. तिच्या पोटातल्या नळ्या, वायसर, रबराच्या चकत्या सगळ्या जुन्या पेट्रोलवर वाढलेल्या.

पहिल्यांदा मायलेज गेलं. पूर्वी टाकी भरली की पंधरवडाभर मुलुंडच्या फेऱ्या व्हायच्या. आता काटा आधीच तळाला टेकायचा. लवू पंपावरच्या पोराशी भांडला, माप कमी देतोस म्हणून. पोरगा म्हणाला, "काका, माप बरोबर आहे. मालच असा आहे." मग सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली. मग उन्हात, ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की गुदमरायला लागली.

चंद्रप्रकाश हा आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक. जौनपूरचा, पण मराठी आमच्यासारखी बोलतो. त्याने पुढची सीट उचलली. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. एक नळी काढून त्याने लवूच्या हातात दिली. ती बोटांनी दाबली तर भिजलेल्या चपातीसारखी दबली.

"बघ लवूभाऊ. फुगलीय. हिला दारू चढलीय."

"मी आयुष्यात थेंब घेतला नाय," लवू म्हणाला, "आणि माझ्या गाडीला पंपावर उभी करून पाजतात."

"सगळा दोष दारूचा नाही हां. वय पण झालंय तिचं."

"वय तुझ्या बापाचं झालंय."

"त्याचं पण झालंय," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण मी त्याला रोज मुलुंडला नाही पळवत."

नळ्या बदलल्या. कार्ब्युरेटर साफ केला, तर त्यात टाकीतला गंज उतरलेला. टाकी धुतली. महिनाभर बरं चाललं आणि मग गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. पुढे बसलो की माझं डोकं धरायचं. लवूने काय केलं, तर बाईंच्या उशाशी मोगऱ्याचा गजरा टांगायला सुरुवात केली.

"लवू, पेट्रोलचा वास येतोय का रे?" बाईंनी एकदा विचारलंच.

"आत्ताच पंपावरून आलो ना बाई. टायरला लागलं असेल."

"आणि गजरा कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. दुसरी कोण बसते मागे?"

बाई खूश झाल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

अनुपमा बोरिवलीला राहते. बँकेत नोकरी, घरात लहान मूल, तरी रविवारी येऊन मावशीच्या औषधांच्या पुड्या भरून जाणारी मुलगी. तिने एका रविवारी व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"लवूकाका, स्पष्ट बोलू? ही गाडी आता म्हातारी झाली. खुर्चीसकट आत घेणाऱ्या गाड्या मिळतात, मी चौकशी केलीय. महिन्याचं ठरवून टाकते. तुम्ही मावशीबरोबर बसून जा ना त्यात."

लवूचा चेहरा असा झाला की जणू त्याला विंगेत उभं करून त्याचं काम दुसऱ्याला दिलं. "गाडी एकदम झकास हाय," तो म्हणाला. "कधी चुकली पाळी? विचार बाईंना."

"नाही चुकली," बाई म्हणाल्या. "लवू आहे तोवर लवूच. नवा कुणी आला की मला त्याच्याशी गोड बोलावं लागेल. माझ्याच्याने होत नाही आता."

अनुपमा हसली. पण जाताना तिने लवूला जिन्यापाशी गाठलं. "काका, एवढंच करा. गाडीला जरा काही वाटलं तर मला त्याच क्षणी फोन. मी दहा मिनिटांत दुसरी गाडी पाठवीन. पाळी चुकली तर मावशीला झेपणार नाही, डॉक्टरांनी बजावलंय."

"व्हय गो बाय. करीन ना."

फोन केला असता तर गाडी आली असती, यात शंका नाही. पण मग पुढच्या फेरीलाही तीच आली असती. आणि लवू पाट घेऊन आवारात उभा राहिला असता.

त्या शनिवारी मी डोळ्यांच्या तपासणीला ठाण्याला गेलो होतो. पुढचं मला चंद्रप्रकाशने सांगितलं, तेही सगळं होऊन गेल्यावर. सकाळी लवू असल्फ्याच्या आपल्या घरून निघाला आणि नाक्यावरच व्हॅन थांबली. चंद्रप्रकाशने सीट उचलली, तर इंजिनाला पेट्रोल चढवणाऱ्या पंपातून ते ठिबकत होतं. त्या पंपाच्या पोटात रबराची चकती असते, डायफ्राम म्हणतात. ती फाटली होती.

"दुकानात नवं किट आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. "हे इथेनॉलला चालतं. तासाभरात बसवतो, जा तू बाईंना घेऊन."

लवूने ते किट हातात घेऊन उलटसुलट केलं. "कुठल्या कंपनीचं? नावपण नाय ऐकलं. लोकल माल माझ्या गाडीत घालू? बाई बसतात यात."

"लवूभाऊ, ओरिजिनल आता बनत नाही."

"कुर्ल्याला मिळतं. जुना स्टॉक. सीलबंद."

"अरे बाबा, जुना स्टॉक जुन्या पेट्रोलचा! त्यात काय फायदा?"

पण लवूचं सगळं आयुष्य जुन्या सीलबंद मालावर चाललं होतं. ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. बाईंसाठी लोकल नाही. तो कुर्ल्याला निघाला, आणि निघायच्या आधी गॅरेजच्या बाकड्यावर बसून त्याने दोन फोन केले. पहिला बाईंना. सेंटरमधून कळवलंय, पाणी शुद्ध करायचं मशीन बिघडलंय, तुम्हाला सोमवारी बोलावलंय. दुसरा सेंटरला. बाई लग्नाला गेल्यात, सोमवारी आणतो. दोन्हीकडे एकेक थाप, मधे एक डायफ्राम. कशेडी घाटात जमलं होतं तसंच.

संध्याकाळी मी बाईंकडे गेलो तेव्हा त्या सुट्टी मिळालेल्या शाळकरी मुलीसारख्या दिसत होत्या. "आज मशीनच आजारी पडलंय," म्हणाल्या. त्या आनंदात त्यांनी अख्खा कप चहा घेतला होता. त्यांना पाण्याचा घोटही मोजून मिळायचा. रविवारी डोळ्यांखाली सूज आली. रात्री झोप लागली नाही म्हणाल्या, आडवं पडलं की छाती भरून येते. मी म्हटलं, अनुपमाला कळवतो. म्हणाल्या, "ती आज मुलाला घेऊन सासरी गेलीय. उद्या सकाळी जातोच आहोत की."

सोमवारी लवू वेळेआधी आला. व्हॅन धुतलेली, ताजा गजरा, दाढी केलेली. कुर्ल्याचा डायफ्राम बसला होता. इंजिन असं गोड चालत होतं की मीही निर्धास्त झालो. बाईंना उचलताना त्यांचे पाय दगडासारखे जड लागले. लवूने माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर वळवली नाही.

विक्रोळीपर्यंत ठीक होतं. कांजूरमार्गला मेट्रोच्या कामाचे पत्रे दोन्ही बाजूंनी रस्त्यात आलेले. गाड्या एकामागे एक, एका अंगाने. ऊन चढलेलं. तिथे इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते थांबलं. लवूने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. माझ्या सीटखालून पेट्रोलचा वास वर आला तो असा की डोळ्यांत पाणी आलं.

मागून पडद्याआडून बाईंचा आवाज. "लवू, काय झालं रे?"

"सिग्नल आहे, बाई."

मला त्याने खूण केली, खाली उतरा. मी उतरलो. त्याने सीट उचलली. खाली सगळं पेट्रोलने ओलं होतं. जुन्या स्टॉकची ती सीलबंद चकती दोन दिवसांत चिरली होती. लवू तिथे हात घालून काय करत होता, त्यालाच ठाऊक. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. एक स्कूटरवाला ओरडला, "ओ काका, भंगारात घाला ना आता!"

"फार मोठा दिसतोय सिग्नल," बाई म्हणाल्या. मधे दोनदा श्वास घेतला त्यांनी.

"मेट्रोचं काम हाय ना. सुटेल आता."

"मला बसव रे. झोपून श्वास येत नाही."

मी दार सरकवून आत शिरलो आणि त्यांना पाठीशी धरून बसवलं. ओठ निळसर झाले होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. निघालीय म्हणाले, पण त्या पत्र्यांच्या गल्लीत ती शिरणार कुठून? लवूने सीट तशीच टाकली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो गाडीसमोर उभा राहिलेला मी पाहिला. आमच्या पुढे थोड्या अंतरावर भाजीचा एक छोटा टेम्पो होता. त्याच्या ड्रायव्हरला त्याने अक्षरशः खाली ओढलं. त्या भल्या माणसाने कोबीची पोती रस्त्यावर उतरवली. आम्ही तिघांनी बाईंना गादीसकट उचलून टेम्पोत ठेवलं. लवू त्यांच्या डोक्याशी बसला, पेट्रोलने माखलेले हात मागे धरून, त्यांना लागू नयेत म्हणून.

टेम्पो हलला. बाईंनी डोळे उघडले. वर आभाळ, शेजारी भाजीच्या रिकाम्या पाट्या. हे सगळं त्यांना दिसलं असणारच.

"सुटला एकदाचा सिग्नल," त्या म्हणाल्या.

"होय बाई," लवू म्हणाला.

भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये आम्ही पोचलो. डॉक्टरांनी धावपळ केली, नळ्या घातल्या, मुलुंडला हलवायची तयारी केली. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. छातीत पाणी भरलं होतं आणि रक्तातलं पोटॅशियम फार चढलं होतं, असं त्यांनी सांगितलं. पाळी कधीपासून चुकली, हेही विचारलं.

व्हॅन कांजूरमार्गहून उचलून नेली, ती परत आलीच नाही. लवूने कागदांवर सह्या करून ती भंगारात दिली. आता तो गावी असतो. मी अधूनमधून फोन करतो. तो उचलतो, पलीकडे कोंबड्यांचा आवाज येतो, त्याचा श्वास ऐकू येतो. मी बोलतो, बोलतो, आणि ठेवतो. त्याच्या तोंडचं म्हणून जे शेवटचं माझ्यापाशी आहे, ते त्या नर्सिंग होमच्या पॅसेजमधलं.

अनुपमा धावत आली होती. आत जाऊन मावशीला बघून बाहेर आली. रडून झालं होतं आणि वाटेत तिने मुलुंडच्या सेंटरला फोनही केला होता. ती लवूसमोर बाकड्यावर बसली.

"लवूकाका, ती सिस्टर काहीतरीच सांगत होती. शनिवारी मशीन चालू होतं म्हणे. मावशी लग्नाला गेल्याचा त्यांना आपल्याकडून फोन आला म्हणे. मावशी कुठल्या लग्नाला जाणार? दुसऱ्या पेशंटचा फोन असेल. ते नावात घोळ घालतात. हो ना?"

मी लवूकडे पाहिलं, आणि शनिवार काय होता ते मला तेव्हा कळलं. तिने स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मीसुद्धा काही बोललो नसतो. त्याने हात मांडीवर पालथे ठेवले. पेट्रोल वाळून कातडी पांढरी पडली होती.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "फोन माझोच होतो. गाडी बंद पडली हुती. बाईंक कळूक नको म्हणान मीच खोटा सांगलंय."